स्वप्नाच्या तर्काने चालणारा चित्रपट घरी पाहताना

अतिवास्तववादी चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याची अवस्था बहुधा ठरलेली असते. पहिली पंधरा-वीस मिनिटे तो कथेचा धागा शोधतो. पुढे धागा हाती लागत नाही म्हणून अस्वस्थ होतो. शेवटी श्रेयनामावली सरकू लागली की चित्रपट निरर्थक आहे की आपणच कमी पडलो, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. चित्रपटगृहात आजूबाजूला इतरही गोंधळलेले चेहरे दिसतात आणि तेवढाच दिलासा मिळतो. घरी मात्र प्रेक्षक एकटा असतो, त्याच्या हातात रिमोट असतो आणि चित्रपट कोणत्याही क्षणी थांबवण्याची सोय असते. अशा चित्रपटांपैकी बरेचसे आज घरीच पाहिले जातात. म्हणूनच हा प्रकार नेमका काय आहे, तो कसा घडतो आणि घरी पाहताना त्याला न्याय कसा द्यावा, याची माहिती घेणे उपयुक्त ठरेल.

अतिवास्तववादाचा उगम

अतिवास्तववाद ही मुळात साहित्य आणि चित्रकलेतील चळवळ. फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँ याने १९२४ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धाने युरोपची विवेकबुद्धीवरील श्रद्धा खिळखिळी केली होती. त्याआधी, १८९९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या स्वप्नांविषयीच्या ग्रंथात सिग्मंड फ्रॉइडने जाणिवेच्या खाली दडलेल्या मनाचा नकाशा मांडला होता. माणसाचे खरे जीवन तर्काच्या पहाऱ्याबाहेर असते आणि कलेने तेथपर्यंत पोहोचावे, असा या मंडळींचा आग्रह होता. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अतिवास्तव म्हणजे अवास्तव नव्हे. जागृती आणि स्वप्न यांना सामावून घेणारे अधिक व्यापक वास्तव या कलावंतांना अभिप्रेत होते.

या कामाला चित्रपटाइतके योग्य माध्यम दुसरे नव्हते. अंधारात बसलेला प्रेक्षक, समोर उजळणारी आणि विरणारी चित्रे, क्षणात बदलणारी स्थळे ही सारी लक्षणे स्वप्नाचीच आहेत. जर्मेन ड्युलाक या दिग्दर्शिकेचा 'द सीशेल अँड द क्लर्जीमन' १९२८ मध्ये पॅरिसमध्ये दाखवला गेला. पुढच्याच वर्षी, ६ जून १९२९ रोजी, लुइस बुन्युएल आणि साल्वादोर दाली या दोन स्पॅनिश तरुणांचा 'अँ शिएँ आंदालू' प्रथम प्रदर्शित झाला. सुमारे सोळा मिनिटांच्या या मूकपटासाठी बुन्युएलच्या आईने पैसे दिले होते. दोघांनी एकमेकांना सांगितलेल्या दोन स्वप्नांतून त्याची कल्पना निघाली. एकात चंद्राला कापत जाणारा ढग होता, तर दुसऱ्यात मुंग्यांनी भरलेला हात. ज्या प्रतिमेचे तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती वगळायची, एवढा एकच नियम पाळून दोघांनी पटकथा लिहिली. पहिल्या खेळाला प्रेक्षक दंगा करतील या भीतीने आपण खिशात दगड ठेवले होते, असे बुन्युएलने आत्मचरित्रात सांगितले आहे. प्रत्यक्षात प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दंगा झाला तो पुढच्या, १९३० सालच्या 'लाज दोर' या चित्रपटाच्या वेळी. उजव्या गटांनी पडद्यावर शाई फेकली आणि चित्रपटावर बंदी आली.

कोडे आणि स्वप्न

मेंदूला चक्रावून सोडणारे सर्वच चित्रपट अतिवास्तववादी नसतात. हा फरक आधीच लक्षात घेतला, तर अर्धी निराशा टळते.

ख्रिस्तोफर नोलनचा 'मेमेंटो' (२०००) घ्या. त्यातील रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने आणि कृष्णधवल प्रसंग सुलट्या क्रमाने येतात, आणि शेवटी दोन्ही प्रवाह एकमेकांना मिळतात. रचना अवघड आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास ती मांडता येते. त्याच दिग्दर्शकाच्या 'इन्सेप्शन'मध्ये (२०१०) तर स्वप्नाच्या थरांचे नियम पात्रेच समजावून सांगतात. हे कोड्याचे चित्रपट आहेत. कोड्याला उत्तर असते, आणि ते मिळाल्यावर समाधान होते.

अतिवास्तववादी चित्रपटाची जात स्वप्नाची आहे. स्वप्नाचा उलगडा काही प्रमाणात करता येतो, परंतु उलगड्यानंतरही त्यातील भीती, ओढ किंवा लाज शिल्लक राहते. अशा चित्रपटाकडून एकमेव उत्तराची अपेक्षा ठेवणे म्हणजे रागदारीच्या आलापात शब्द शोधण्यासारखे आहे.

आपल्याकडील पौराणिक चित्रपटांतील चमत्कारांशीही याची गल्लत होऊ नये. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) बाळकृष्ण कालियाशी झुंजतो, तेव्हा तो देव आहे हे कारण कथेतच दिलेले असते. अतिवास्तववादी चित्रपटात असे कारण दिले जात नाही, आणि पात्रांनाही त्याचे आश्चर्य वाटत नाही. स्वप्नात आपल्यालाही ते कुठे वाटते?

चित्रपट हे कसे साधतो?

चित्रपट पाहताना मन सतत जोडणीचे काम करीत असते. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. सूपच्या वाडग्याशेजारी त्या चेहऱ्यावर भूक दिसू लागली, तर शवपेटीशेजारी शोक. दोन दृश्यांमधला अर्थ पडद्यावर नसतो, तो प्रेक्षक पुरवतो. अतिवास्तववादी दिग्दर्शक या सवयीचाच वापर करतो. जोडण्यास भाग पाडणारी दृश्ये तो देतो, पण जोडाची खात्री देत नाही. त्याची साधने साधारणपणे पाच ठिकाणी दिसतात.

पहिले साधन काळ. 'अँ शिएँ आंदालू'मध्ये 'आठ वर्षांनंतर' अशी पाटी येते, मात्र पुढच्या दृश्यात त्या आठ वर्षांची काहीही खूण नसते. पाटीवर विश्वास ठेवण्याची आपली सवय तेवढी उघडी पडते.

दुसरे साधन स्थळ. माया डेरेन आणि अलेक्झांडर हमीद यांनी १९४३ मध्ये लॉस एंजलिस येथील आपल्या राहत्या घरी 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' हा चौदा मिनिटांचा लघुपट चित्रित केला. त्यात नायिका काही पावले टाकते आणि प्रत्येक पाऊल वेगळ्या भूमीवर पडते. वाळू, माती, फरसबंदी आणि शेवटी घरातला गालिचा. हालचाल अखंड राहते, जागा मात्र बदलत जाते. बुन्युएलच्या 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल'मध्ये (१९६२) मेजवानीला आलेल्या प्रतिष्ठित पाहुण्यांना दिवाणखान्यातून बाहेर पडताच येत नाही. वाट मोकळी आहे, अडवणारे कोणी नाही, आणि तरीही कोणाचे पाऊल उंबऱ्यापलीकडे जात नाही.

तिसरे साधन व्यक्ती. बुन्युएलच्या 'दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर' (१९७७) या अखेरच्या चित्रपटात नायिकेची एकच भूमिका दोन अभिनेत्री आलटून पालटून करतात आणि नायकाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. तो जिच्यामागे धावतो आहे तिला त्याने नीट पाहिलेलेच नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चौथे साधन वस्तू. किल्ली, सुरी, आरसा, फूल, दूरध्वनी अशा रोजच्या वस्तू पुनःपुन्हा येतात आणि दर वेळी त्यांचे वजन वाढत जाते. त्यांना एकेक ठरावीक अर्थ चिकटवण्याची घाई करू नये. ती वस्तू पूर्वी कुठे दिसली होती आणि तेव्हा काय घडले होते, एवढे आठवले तरी पुरते.

पाचवे साधन ध्वनी. डेव्हिड लिंचच्या 'इरेझरहेड'मध्ये (१९७७) यंत्रांची, वाफेची अखंड घरघर चालू असते. या ध्वनिपटावर लिंच आणि अ‍ॅलन स्प्लेट यांनी दीर्घकाळ मेहनत घेतली होती. दृश्यात काही घडत नसतानाही जिवाला जो घोर लागून राहतो, त्याचे कारण बव्हंशी हा आवाज आहे.

एक उदाहरण : 'मलहॉलंड ड्राइव्ह'

या प्रकारात घरी प्रथम पाहण्यासाठी ज्या चित्रपटाचे नाव वारंवार सुचवले जाते, तो म्हणजे लिंचचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' (२००१). २०१६ मध्ये बीबीसीने जगभरातील १७७ समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा एकविसाव्या शतकातील सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याला पहिले स्थान मिळाले. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०२२ च्या समीक्षक-कौलात तो सार्वकालिक यादीत आठवा होता.

त्याचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाहिनीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून लिंचने त्याचे चित्रीकरण केले होते. वाहिनीने तो नाकारला. पुढे फ्रान्समधील स्टुडिओ कॅनालच्या आर्थिक साहाय्याने नवे प्रसंग चित्रित झाले आणि अर्धवट मालिकेचा १४७ मिनिटांचा चित्रपट झाला. कान महोत्सवात २००१ चा सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार लिंच आणि जोएल कोएन यांना विभागून देण्यात आला. म्हणजे ज्या चित्रपटासाठी मोठ्या पडद्याचा आग्रह धरला जातो, त्याचा बराचसा भाग मुळात घरातल्या पडद्यासाठीच तयार झाला होता. लिंचला घरचा प्रेक्षक नवा नव्हता. १९९० मधील त्याची 'ट्विन पीक्स' ही मालिका अमेरिकेत घरोघरी पाहिली गेली होती.

कथेचा प्रारंभ सरळ आहे. अभिनेत्री होण्याचे स्वप्न घेऊन एक तरुणी हॉलिवूडमध्ये येते. मावशीच्या घरात तिला अपघातात स्मृती गमावलेली एक अनोळखी स्त्री भेटते आणि दोघी मिळून तिची ओळख शोधू लागतात. चित्रपट दोन-तृतीयांशाच्या पुढे सरकल्यावर पायाखालची जमीन सरकते. नावे, नाती, चेहरे यांची फेरमांडणी होते. त्यापुढचे येथे सांगणे योग्य होणार नाही. मात्र त्या वळणापूर्वीच्या एका प्रसंगाचा उल्लेख करायला हवा. एका नाट्यगृहात निवेदक बजावतो की येथे वाद्यवृंद नाही, सारे ध्वनिमुद्रित आहे. त्यानंतर रिबेका डेल रिओ ही गायिका एक विरहगीत गाते आणि ते ऐकून दोन्ही नायिकांना अश्रू आवरत नाहीत. गाता गाता गायिका कोसळते. गाणे मात्र चालूच राहते. फसवणूक आधीच जाहीर केलेली असूनही प्रेक्षक हेलावतो. संपूर्ण चित्रपट कसा पाहावा, याचा धडाच लिंचने या प्रसंगात देऊन ठेवला आहे.

आपल्या चित्रपटांचा अर्थ सांगण्यास लिंचने जन्मभर नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे निधन झाले, त्यामुळे कर्त्याकडून उत्तर मिळण्याची शक्यताही संपली. 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या २००२ मधील डीव्हीडीसोबत त्याने दहा सूचक खुणा छापल्या होत्या. लाल दिव्याकडे लक्ष द्या, किल्ली कोण देते ते पाहा, अशा स्वरूपाच्या. त्यांनी उत्तर मिळत नाही, नजर तेवढी सावध होते. त्याच डीव्हीडीवर नेहमीचे प्रकरणांचे टप्पे त्याने मुद्दाम ठेवू दिले नाहीत. घरच्या प्रेक्षकाने हवा तो तुकडा काढून पाहू नये, सलग पाहावा, हा त्यामागचा हेतू होता.

घरी पाहण्याची पूर्वतयारी

चित्रपटगृह प्रेक्षकाला बांधून ठेवते. घरात ते बंधन स्वतःच घालून घ्यावे लागते. त्यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

वेळ अशी निवडावी की मध्ये उठावे लागणार नाही. दारावरची घंटा, कुकरच्या शिट्ट्या, येणारे फोन यांतून वाट काढत नेहमीचा चित्रपट पाहता येतो, कारण चुकलेला दुवा कथा पुन्हा जोडून देते. येथे चुकलेला दुवा परत मिळत नाही. दिवे मालवावेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. फोनच्या पडद्यावर चित्रपट पाहणारा तो पाहतच नाही, असे लिंचचे स्पष्ट मत होते. दूरचित्रवाणी संचाचा आवाज क्षीण असल्यास चांगले हेडफोन वापरावेत. संचातील हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो.

आधी परीक्षणे वाचू नयेत. दिग्दर्शकाचे नाव, साल आणि लांबी एवढी माहिती पुरे. मधेच 'म्हणजे ही तीच का?' असा प्रश्न पडला तरी चित्रपट थांबवू नये, मागे नेऊ नये. तो प्रश्न पडावा अशीच योजना असते, आणि त्याचे ओझे घेऊन पुढे जाणे हा अनुभवाचाच भाग आहे. सोबत कोणी असेल तर बोलणे शेवटी ठेवण्याचे आधीच ठरवून घ्यावे.

संपल्यावर लगेच स्पष्टीकरण शोधू नये. दहा मिनिटे बसून मनात राहिलेली तीन-चार चित्रे कागदावर लिहावीत. कथा लिहिण्याचा प्रयत्न करू नये, फक्त चित्रे लिहावीत. कोणत्या क्षणी भीती वाटली, कोठे हसू आले, याचीही नोंद करावी. दुसऱ्या दिवशी हा कागद पाहिला की त्या चित्रांमध्ये आपोआप काही नाते दिसू लागते. समीक्षा वाचायची ती त्यानंतर. दुसऱ्यांदा पाहण्याची सोय हा घरचा मोठा फायदा आहे. मात्र चित्रपट पहिल्यांदा पाहणे एकदाच घडते. ते दुसऱ्याने लावलेल्या अर्थाच्या चष्म्यातून झाले, तर परत मिळवता येत नाही.

एक इशाराही आवश्यक आहे. 'अँ शिएँ आंदालू'च्या पहिल्याच दृश्यात वस्तऱ्याने डोळा चिरला जातो (चित्रीकरणात मेलेल्या वासराचा डोळा वापरला होता). 'मलहॉलंड ड्राइव्ह'मध्ये लैंगिक दृश्ये, मृतदेह आणि आत्महत्येचा संदर्भ आहे. 'इरेझरहेड'मधील विकृत अर्भक नव्या पालकांना सहन न होण्याची शक्यता आहे. हे चित्रपट लहान मुलांसमवेत पाहण्याचे नाहीत. ज्यांना चिंता किंवा निद्रानाशाचा त्रास आहे त्यांनी ते रात्री एकट्याने पाहू नयेत. नको वाटल्यास सरळ बंद करावा. त्यात कमीपणा नाही.

सुरुवात कोठून करावी?

प्रारंभी लहान कलाकृती घेणे श्रेयस्कर. 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' आणि 'अँ शिएँ आंदालू' हे दोन्ही मिळून अर्ध्या तासात होतात. त्यानंतर बुन्युएलचा 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी' (१९७२) पाहावा. सहा सुखवस्तू मंडळी जेवायला बसू पाहतात आणि दर वेळी काही तरी आडवे येते, एवढाच त्याचा विषय. परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट चक्क विनोदी आहे. या पायऱ्या चढल्यावर 'मलहॉलंड ड्राइव्ह'कडे वळावे. 'इरेझरहेड' शेवटी ठेवावा.

भारतीय चित्रपटांत कमल स्वरूप यांच्या 'ओम दर-ब-दर'चा (१९८८) उल्लेख अपरिहार्य आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या या दिग्दर्शकाने राजस्थानच्या पार्श्वभूमीवर पुराणकथा, जाहिराती, विज्ञानाचे पाठ आणि चित्रपटगीते यांचा अफाट कोलाज रचला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने निर्माण केलेला हा चित्रपट चित्रपटगृहांत लागलाच नाही. वर्षानुवर्षे तो ध्वनिचित्रफितींच्या प्रतींवर, घराघरांत, मित्रमंडळींत पाहिला गेला आणि त्यातूनच त्याचा चाहतावर्ग तयार झाला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत चित्रपटगृहांत झळकली. घरच्या प्रेक्षकांनी एखादा चित्रपट पंचवीस वर्षे जिवंत ठेवल्याचे हे आपल्याकडचे ठळक उदाहरण होय.

मराठी प्रेक्षकाला हे परके आहे काय?

तसे मानण्याचे कारण नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव उभे राहून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात. ते शक्य आहे का, असा प्रश्न प्रेक्षागृहात कोणी विचारला नाही. हसता हसता लोकांनी मरणानंतरच्या रीतीभातींतील पोकळपणा ओळखला. अरुण कोलटकरांच्या कवितेतही अतिवास्तव प्रतिमांची रेलचेल आहे. रंगभूमीवर आणि कवितेत आपण जे सहज स्वीकारले, ते चित्रपटात खटकते. कारण चित्रपटाने गोष्टच सांगावी, अशी सवय आपल्याला जडली आहे.

पूर्वी असे चित्रपट पाहायचे तर मुंबईत 'प्रभात चित्र मंडळा'सारख्या फिल्म सोसायटीचे सदस्य व्हावे लागे किंवा पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा आधार घ्यावा लागे. तेथे खेळानंतर चर्चा होई. 'मला कळला नाही' असे कोणी उघडपणे म्हणे आणि तेथूनच बोलण्याला सुरुवात होई. घरी पाहणाऱ्याला चित्रपट मिळतो, ही चर्चा मिळत नाही. तिची जागा तयार उलगड्यांनी घेतली आहे आणि ते न कळण्याला अपयश ठरवतात. म्हणून शक्य तर असा चित्रपट दोघा-तिघांनी मिळून पाहावा किंवा एकाच आठवड्यात आपापल्या घरी पाहून नंतर भेटावे. कोणाला काय कळले याची परीक्षा घेण्याऐवजी कोणाला काय दिसले, एवढे विचारावे. तिघांना तीन वेगळी दृश्ये आठवतील. चित्रपट आवडला नाही, असे कोणी म्हटले तर तेही प्रामाणिक उत्तर मानावे, फक्त तो अखेरपर्यंत पाहिलेला असावा.